हायब्रीड म्हणजे नेमकं काय?

हिंगोली, औंढा, सेनगाव भागातल्या जुन्या माणसांसमोर ‘हायब्रीड’ म्हटलं की त्यांना आधी ज्वारी आठवते. १९६४ साली ‘सीएसएच-१’ हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला आणि वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना संकरित ज्वारीचा राज्यभर प्रसार झाला. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं. पीक बुटकं, शंभरेक दिवसांत येणारं, उताऱ्याला भारी. पण कणसं ऐन पावसात सापडली की दाणा काळा पडायचा. भाकरीला शाळूची गोडी नसायची, कडबाही कमी निघायचा. मग अंगानं वाढलेल्या पण दम नसलेल्या पोरालाही लोक ‘हायब्रीड’ म्हणू लागले.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ होता पाळीव डुकरीण आणि रानडुक्कर यांचं पिल्लू. सतराव्या शतकात तो इंग्रजीत आला आणि एकोणिसाव्या शतकात वनस्पतींच्या संकरासाठी रुळला. बियाण्याच्या बाबतीत त्याचा अर्थ एवढाच : दोन वेगळ्या, शुद्ध राखलेल्या वाणांच्या संकरातून आलेली पहिली पिढी. हे विशेषण बी कसं तयार झालं ते सांगतं, त्याच्या प्रतीची हमी देत नाही.

कपाशीत हे काम हातानं होतं. उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी निवडायची, पाकळ्या आणि पुंकेसर काढून टाकायचे, मधला स्त्रीकेसर तेवढा ठेवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाचं फूल आणून त्याचे पराग त्यावर फिरवायचे. अशा बोंडातली सरकी म्हणजे संकरित बियाणं. ज्वारीच्या कणसात बारीक फुलं शेकड्यांनी असतात, तिथं हात पुरत नाहीत. म्हणून मादी ओळींसाठी पराग निकामी असलेला वाण घेतात, शेजारी नर वाणाच्या ओळी पेरतात आणि परागीकरण वाऱ्यावर सोडतात.

या पहिल्या पिढीची सगळी झाडं सारखी आणि जोमदार असतात. त्यांचंच बी पुढच्या साली पेरलं तर आजा-आजीचे गुण विखुरतात : एक ताट उंच, एक बुटकं, एक लवकर निसवलेलं, एक मागं राहिलेलं. उताराही घटतो. म्हणून हायब्रीडचं बी दरवर्षी विकत घ्यावं लागतं.

आता हिंगोली जिल्ह्यातली आजची पिकं पाहा. कपाशी बहुतेक हायब्रीड आहे. तिला ‘बीटी’ही म्हणतात, पण ती बाब वेगळी. बीटी म्हणजे बोंडअळीविरुद्ध घातलेला जनुक. त्याला २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि आपल्याकडे तो मुख्यतः संकरित वाणांतूनच विकला गेला, म्हणून दोन्ही शब्द एकच वाटतात. सोयाबीनचं फूल उमलण्याआधीच स्वतःच्या परागानं फळतं. ते हायब्रीड नाही. उगवणशक्ती तपासून घरचं बी पेरता येतं. वसमतच्या बाजारात येणारी सेलम हळदही हायब्रीड नाही. ती कंदाच्या बेण्यापासून येते, त्यामुळे पीक मूळ वाणासारखंच निघतं.

तेव्हा फळ टपोरं दिसलं म्हणून त्याला हायब्रीड म्हणू नये. कृषी सेवा केंद्रात पिशवी हातात घेतली की त्यावर ‘संकरित’ लिहिलंय की ‘सुधारित’, एवढं वाचावं. ‘संकरित’ असेल तर पुढच्या साली बियाण्याचा खर्च पुन्हा धरावा.