कुलपं उघडणारा सुतार

पु. ल. देशपांडे यांचा ‘तीन पैशाचा तमाशा’ १९७८ साली रंगभूमीवर आला. तो बेतला होता ब्रेख्तच्या १९२८ सालच्या नाटकावर आणि ब्रेख्तचं नाटक जॉन गे याच्या १७२८ सालच्या ‘बेगर्स ऑपेरा’वर. या तिन्हींच्या मागे लंडनचा एक खराखुरा चोर उभा आहे. त्याचं नाव जॅक शेपर्ड.

तो १७०२ साली स्पिटलफील्ड्स या गरीब वस्तीत जन्मला. वडील सुतार, ते लवकर वारले. नीबोन नावाच्या कापडवाल्यानं पोराला दुकानात ठेवलं, लिहाय-वाचायला शिकवलं. पुढे जॅक सुतारकामाची उमेदवारी करू लागला आणि ती संपत आली असताना चोरीकडे वळला.

तेव्हा लंडनमध्ये जोनाथन वाइल्ड नावाचा गृहस्थ होता. चोर पकडून देऊन बक्षीस घ्यायचं, हा त्याचा उघड धंदा. चोरांच्या टोळ्या पोसायच्या, हा आतला. शेपर्ड त्याला जुमानीना, म्हणून वाइल्ड त्याच्या मागे लागला.

१७२४ या एका वर्षात शेपर्ड चार वेळा कैदेतून निसटला. शेवटची सुटका १५ ऑक्टोबरची, न्यूगेट तुरुंगातली. हातात बेड्या, पाय जमिनीला साखळदंडानं जखडलेले. एका खिळ्यानं त्यानं बेडी उघडली, धुराड्यातला लोखंडी गज उपसला आणि दारामागून दार फोडत छपरावर पोचला. शेजारचं छप्पर फार खाली होतं. तेव्हा हा पठ्ठ्या आल्या वाटेनं कोठडीत परतला आणि खाली उतरायला आपलं कांबळं घेऊन आला! मी कवी माणूस, मला त्या मागं फिरण्याचंच नवल वाटतं. पळपुट्याला हे जमत नाही, कारागिराला जमतं.

पंधरवड्यात तो पुन्हा सापडला. पहारेकऱ्यांनी त्याला बघायला येणाऱ्यांकडून पैसे उकळले. १६ नोव्हेंबर १७२४ रोजी टायबर्नला त्याला फाशी दिलं. वय अवघं २२. गुन्हा घरफोडीचा. घर त्याच नीबोनचं, ज्यानं त्याला अक्षरं शिकवली होती. शेपर्ड काही साधू नव्हता. तरी त्याला निरोप द्यायला लंडन लोटलं.

सहा महिन्यांनी, मे १७२५ मध्ये, वाइल्डही त्याच टायबर्नला फासावर गेला. वाटेत लोकांनी त्याच्यावर दगड आणि घाण फेकली. कायद्यानं दोघांना एकच शिक्षा दिली. पोटासाठी चोरणारा कोण आणि चोर पकडण्याच्या नावाखाली चोरीवर जगणारा कोण, हा निवाडा गर्दीनं केला.