मुंबईच्या एकदिश-प्रवाही उपनगरी गाड्या

मुंबई व तिच्या उपनगरांत १९२५ ते २०१६ या काळात १,५०० व्होल्ट दाबाच्या एकदिश (एकाच दिशेने वाहणाऱ्या) विद्युत् प्रवाहावर धावलेल्या प्रवासी गाड्यांचा वर्ग. सामान्य व्यवहारात या गाड्या ‘लोकल’ या नावाने ओळखल्या जात. या अवधीत डब्यांच्या अनेक पिढ्या आल्या व मोडीत निघाल्या. तथापि प्रवाहाचा प्रकार आणि चालनाचे तत्त्व कायम राहिल्यामुळे त्या सर्वांचा एकच वर्ग मानता येतो.

इतिहास : भारतातील पहिली विद्युत् गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस (सध्याचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) ते कुर्ला अशी हार्बर मार्गाने धावली. हा मार्ग ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा होता. बाँबे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेच्या कुलाबा–बोरिवली मार्गावर जानेवारी १९२८ मध्ये विद्युत् गाड्या सुरू झाल्या व १९३६ मध्ये त्या विरारपर्यंत जाऊ लागल्या. प्रारंभीचे डबे आयात केलेले होते. स्वातंत्र्योत्तर काळात कलकत्त्याची जेसप कंपनी व पेरांबूर येथील इंटिग्रल कोच फॅक्टरी यांनी ते देशातच बांधले. पहिल्या गाडीला चार डबे होते. वाढत्या गर्दीमुळे पुढे नऊ व १९८६ पासून बारा डब्यांच्या गाड्या आल्या.

रचना व कार्य : या गाड्यांना स्वतंत्र एंजिन नसे. चलित्रे (मोटरी) बसविलेला एक डबा व त्याला जोडलेले दोन साधे डबे असा एक संच होई. तीन संचांची नऊ डब्यांची, तर चार संचांची बारा डब्यांची गाडी बने. सर्व संचांचे नियंत्रण पुढच्या कक्षातून एकाच वेळी होई. हे तत्त्व फ्रँक स्प्रेग यांनी १८९७ मध्ये शिकागो येथे प्रथम यशस्वी केले. दोन्ही टोकांना चालक-कक्ष असल्याने अंतिम स्थानकावर एंजिन फिरविण्याचा वेळ वाचे. ओढण्याची शक्ती गाडीभर विभागलेली असल्याने जवळजवळच्या स्थानकांमध्ये वेग त्वरेने घेता येई.

गाडी सुटताना चलित्रे प्रथम एकसरीत व नंतर अनेकसरीत जोडली जात, आणि प्रवाह मर्यादित ठेवण्यासाठी मंडलात रोधक घातले जात. या रोधकांत बरीच ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाई. ब्रेक लावतानाही गाडीची गतिज ऊर्जा घर्षणात नष्ट होई. प्रत्येक स्थानकावर ही हानी पुन्हा होत असल्याने ती एकूण लक्षणीय ठरे.

मर्यादा : तेवढ्याच शक्तीसाठी १,५०० व्होल्टला लागणारा प्रवाह २५,००० व्होल्टच्या सु. १७ पट असतो. त्यामुळे जाड तारा व जवळजवळ उपकेंद्रे आवश्यक होती. गाड्यांची लांबी व संख्या वाढू लागली, तसा तारांवर व उपकेंद्रांवर पडणारा भार हाच विस्तारातील मुख्य अडथळा झाला. चलित्रे डब्याखाली असल्याने रुळांवर साचलेले पाणीही घातक ठरे; २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत गाड्या ठिकठिकाणी अडकून पडल्या. दारे आपोआप बंद होणारी नव्हती. उघड्या दारांमुळे डब्यात वारा येई व चढ-उतार जलद होई. पण गर्दीच्या वेळी दारात लटकणारे प्रवासी पडून मृत्यू पावत. हा दोष या वर्गाबरोबर संपला नाही. त्यानंतरच्या साध्या गाड्यांतही दारे उघडीच राहिली.

अखेर : २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती (दिशा सतत उलटसुलट बदलणाऱ्या) प्रवाहाकडे जाण्याचे काम टप्प्याटप्प्याने झाल्याने मध्यंतरी दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या गाड्यांची गरज पडली. अशा नव्या गाड्या २००७ मध्ये सेवेत आल्या. ब्रेक लावताना त्या काही ऊर्जा तारेत परत पाठवीत. हे परिवर्तन पश्चिम रेल्वेच्या चर्चगेट–विरार मार्गावर २०१२ मध्ये व मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५ मध्ये पूर्ण झाले. उरलेल्या एकदिश-प्रवाही गाड्या हार्बर मार्गावर होत्या. त्यांपैकी शेवटची ९ एप्रिल २०१६ च्या रात्री कुर्ल्याहून छत्रपती शिवाजी टर्मिनसकडे निघाली. ज्या दोन स्थानकांदरम्यान या वर्गाची पहिली गाडी धावली, त्यांच्याच दरम्यान त्याची सेवा संपली. या वर्गाचा शेवट डबे जुने झाल्यामुळे झाला नाही. डबे पूर्वीही वेळोवेळी बदलले गेले होते. या वेळी वरच्या तारेतील प्रवाह बदलला.