नळीच्या टोकावरचा तिरपा काप

'एकेएम' या सोव्हिएत रायफलीच्या नळीचे टोक प्रथमच पाहणाऱ्याला कारागिराची काही चूक झाली असावी, असे वाटते. टोकावरचा छोटा भाग तिरपा कापलेला असतो आणि तो काप सरळ वर नव्हे, तर नेमबाजाच्या बाजूने पाहता वर व उजवीकडे वळलेला असतो. हा वाकडेपणा मुद्दाम ठेवलेला आहे.

१९५९ मध्ये सोव्हिएत सैन्यात आलेली ही रायफल स्वयंचलित माऱ्यात मिनिटाला सुमारे ६०० गोळ्यांच्या, म्हणजे सेकंदाला १० गोळ्यांच्या वेगाने मारा करते. प्रत्येक गोळीसरशी रायफल मागे ढकलली जाते. नळी खांद्याच्या आधारापेक्षा किंचित वर असल्याने त्या धक्क्यात तिचे तोंडही उचलले जाते. शिवाय दस्ता उजव्या खांद्याला टेकलेला, त्यामुळे शरीर त्या बाजूला फिरते आणि नळी उजवीकडे सरकते. नेम पुन्हा साधायला सेकंदाचा दहावा हिस्सा कसा पुरणार? पहिली गोळी लक्ष्यावर आणि तिसरी भलतीकडेच, असा प्रकार होतो.

यावर उपाय म्हणून गोळीमागोमाग बाहेर पडणाऱ्या तप्त वायूलाच कामाला जुंपण्यात आले. कापाची खालची, ओठासारखी पुढे आलेली कड हा वायू वर व उजवीकडे फेकते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार नळी खाली व डावीकडे दाबली जाते. हा भाग जागचा फिरला तर दाबाची दिशाही बदलणार, म्हणून स्प्रिंगवरची एक खीळ त्याला ठरलेल्या कोनातच अडकवून ठेवते. डावखुऱ्या नेमबाजाची मात्र पंचाईतच. त्याची नळी आधीच डावीकडे सरकू पाहते आणि हा काप तिला आणखी तिकडेच ढकलतो.

शिकारीच्या व स्पर्धेच्या रायफलींवरील 'मझल ब्रेक'ची छिद्रे बहुधा दोन्ही बाजूंना सारखी असतात. खालची बाजू अनेकदा बंद ठेवतात, कारण पालथे पडून गोळी झाडताना धूळ उडून समोरचे दिसेनासे होते. आटे आवळल्यावर छिद्रे कलती राहिली, तर पातळ चकत्या घालून कोन जुळवतात. ब्रेकच्या भोकाचा मध्य नळीच्या मध्याशी जुळणे त्याहून महत्त्वाचे. तो ढळला तर गोळी आतल्या कडेला घासते. नेम तर चुकतोच, पण ब्रेक फुटण्याचाही धोका असतो. हे काम जाणकार बंदूक-कारागिराकडेच सोपवलेले बरे.

खांद्याला मिळणाऱ्या या आरामाची किंमत कानांना मोजावी लागते. बाजूला वळवलेल्या वायूबरोबर स्फोटाचा दणकाही बाजूला व मागे येतो आणि शेजारच्या नेमबाजाला तो अधिक जाणवतो. कानांना संरक्षक लावल्यावाचून अशा रायफलीजवळ उभे राहिल्यास श्रवणशक्तीला कायमची इजा होऊ शकते.