सव्वीसशेची दिवाळी

"सव्वीसशे आहेत माझे. उटणं त्यात धरू नका काका, ते दरवर्षी वरून देता." वसुबारसेच्या आधीचा आठवडा, किराणा दुकानाच्या फळीवर उघडी पडलेली लांबट वही, आणि समोर दोन रिकाम्या पिशव्या घेऊन उभी असलेली बाई. दुकानदार काहीतरी पुटपुटत उटण्याची पुडी पिशवीत टाकतो. पुण्यात पर्वतीच्या उतारावरच्या जनता वसाहतीसारख्या वस्त्यांमध्ये दिवाळीच्या तोंडावर हा व्यवहार गल्लोगल्ली चालतो. त्यातली लक्षात राहते ती बाईच्या आवाजाची पट्टी. तिथे विनवणी नाही, वसुली आहे. गरिबाघरच्या सणाबद्दल आपल्याकडे दोनच सूर लावले जातात. एक उपदेशाचा: हातात पैसा नाही तर सण कशाला, ऋण काढून सण कशाला. दुसरा कळवळ्याचा: फराळाची पाकिटं घेऊन वस्तीत जायचं, मुलांच्या हातात ती द्यायची आणि फोटो काढायचा. सव्वीसशे मागणाऱ्या त्या बाईला हे दोन्ही सूर लागू पडत नाहीत. तिची दिवाळी उधळपट्टी नाही आणि कुणाची भेटही नाही. ज्या बोनसवर कायद्याने तिला हक्क दिलेला नाही, तो तिने वर्षभर स्वतःच स्वतःसाठी काढून ठेवलेला आहे.

या काढून ठेवण्याचं नाव दिवाळी भिशी, आणि तिची रीत सोपी आहे. भाऊबीज झाली की नवी कार्डं निघतात, कार्डावर बावन्न चौकोन आखलेले असतात, आठवड्याला पन्नास रुपये भरले की एका चौकोनात सही पडते. बावन्न गुणिले पन्नास, सव्वीसशे. काही ठिकाणी दुकानदारच भिशी चालवतो आणि दिवाळीला पैशाऐवजी माल देतो. काही ठिकाणी वस्तीतलीच एखादी खमकी बाई ती चालवते, जमलेल्या पैशातून अडलेल्यांना शेकडा दोन किंवा तीन रुपये महिना व्याजाने देते आणि ते व्याज दिवाळीला सगळ्यांत वाटते. हप्ता चुकला तर दंड, मध्येच सोडली तर पैसे परत, पण दिवाळीलाच. मालाच्या भिशीत काय येतं? पाचेक लिटर तेल, साखर, रवा, मैदा, हरभऱ्याची डाळ, पातळ पोहे, शेंगदाणे, डाळं, वनस्पतीचा पुडा, अर्धा किलो सुकं खोबरं, वेलचीची चिमुकली पुडी, साबण, रांगोळी, पणत्या. कपडे यात बसत नाहीत, फटाकेही नाहीत. त्यांची तजवीज कामावरच्या घरातून काय मिळेल त्यावर. म्हणजे सणाचे सरळ दोन भाग पाडलेले आहेत: ज्याची खात्री हवी तो भिशीवर, आणि जो नशिबावर सोडता येतो तो मालकिणीच्या मर्जीवर. पोटाला खात्रीच्या बाजूला ठेवणारी ही वाटणी कुठल्याही अर्थसंकल्पाइतकी विचारपूर्वक केलेली आहे.

इथे बोनसचा इतिहास आठवायला हवा. 1924 साली मुंबईच्या कापडगिरण्यांतले कामगार बोनससाठीच संपावर गेले, आणि त्या वेळच्या चौकशी समितीने त्यांचा बोनसवर कायदेशीर हक्क नाही असा निर्वाळा दिला. तो हक्क मिळायला 1965 चा बोनस कायदा यावा लागला, आणि किमान दर पुढे 8.33 टक्क्यांवर आला. 8.33 म्हणजे शंभराचा बारावा भाग, वर्षाला एक जादा पगार. पण हा कायदा कारखान्यांसाठी आणि वीस किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या आस्थापनांसाठी होता. धुणीभांडी करणारी बाई, बिगारी, हातगाडीवाला त्याच्या उंबरठ्याबाहेरच राहिले. 1980 मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला, त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. 2008 मध्ये महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. तरी दिवाळीचा बोनस अजून बहुतेक घरांत स्वखुशीची बाब आहे. आता सव्वीसशेकडे पुन्हा बघा. एखाद्या घरच्या कामाचे महिन्याला सव्वीसशे मिळत असतील, तर भिशीतले सव्वीसशे म्हणजे त्या घरच्या वर्षाच्या कमाईचा नेमका बारावा भाग. पन्नासाचा आकडा कुणी कायदा वाचून ठरवलेला नाही, आठवड्याला झेपतो म्हणून ठरला आहे. पण गिरणी कामगाराला जे मालकाच्या नफ्यातून मिळालं, ते या बाईने आपल्या मजुरीतून कापून स्वतःला दिलं आहे. कौतुक करताना हा फरक विसरायचा नाही.

शिकल्यासवरल्या माणसाचा पहिला आक्षेप ठरलेला आहे: हे पैसे बँकेत का ठेवत नाहीत, व्याज तरी मिळेल. किती मिळेल तेही बघू. दर आठवड्याला पन्नास भरत गेलं की वर्षभराची सरासरी शिल्लक तेराशेच्या आसपास पडते. बचत खात्यावर 3 टक्के धरले तर वर्षाचं व्याज जेमतेम चाळीस रुपये. बँकेत जाण्यासाठी एक दिवस दोन कामं बुडवली तर त्याहून जास्त जातात. पोस्टाचं आवर्ती ठेव खातं शंभर रुपयांपासून उघडता येतं, पण त्याची मुदत पाच वर्षांची. दिवाळी दरवर्षी येते. शिवाय बँकेतला पैसा कधीही काढता येतो, हा जो तिचा गुण सांगितला जातो, तोच इथे अवगुण ठरतो. शनिवारी पगार होतो आणि रविवारी नवऱ्याला, दिराला, शेजारणीला त्याची गरज लागते. "भिशीत अडकलेत" हे उत्तर कुणालाही तोंडावर देता येतं, त्यात नातं तुटत नाही. बचतीला कुलूप लावून किल्ली दुसऱ्याकडे देण्याची ही युक्ती काही फक्त आपल्या वस्त्यांची नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल गावच्या एका बँकेने 1909 मध्ये नाताळसाठी असंच खातं काढलं होतं, आणि पुढे तशा खात्यांचं तिथे पेवच फुटलं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: भिशी बुडते. बुडतेच. दिवाळीच्या सुमाराला भिशीवाला पैसे घेऊन पसार झाल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतात, आणि बहुतेक प्रकरणांत कागद म्हणून दाखवायला असतं ते एक मळकं कार्ड. पण यावरून "संघटित क्षेत्रात जा" असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी ब्रिटनमधलं फेअरपॅकचं उदाहरण बघावं. नाताळच्या सामानासाठी वर्षभर हप्ते घेणारी ती रीतसर कंपनी ऑक्टोबर 2006 मध्ये, ऐन सणाच्या तोंडावर कोसळली आणि लाखाहून जास्त कुटुंबांचे पैसे अडकले. बुडण्याचं कारण अशिक्षितपणा नाही. गरिबाची छोटी बचत सांभाळण्यात कुणालाच फारसा रस नाही, हे आहे. वस्तीतल्या भिशीचं तारण असतं ओळख. दुकानदाराला उद्याही त्याच फळीमागे उभं राहायचं असतं. ते तारण पुरेसं नाही हे मान्य, पण त्याच्या जागी दुसरं काय आहे?

तिसरा आक्षेप जुना आहे आणि तो नेहमी नैतिक कपडे घालून येतो: गरीब माणूस सणासुदीत पैसा उडवतो म्हणून गरीब राहतो. याची तपासणी याच पुणे जिल्ह्यात दीडशे वर्षांपूर्वी झालेली आहे. 12 मे 1875 ला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं-रोखे जाळले आणि तो वणवा पुणे-नगर भागात पसरला. नंतर नेमलेल्या आयोगापुढे लग्न आणि सण यांवरचा खर्च हेच कर्जाचं मूळ, असं म्हणणारे होतेच. आयोग सरकारी होता, रयतेचा कैवारी मुळीच नव्हता. तरी त्याने नोंदवलं की या खर्चाला कारण म्हणून अवाजवी महत्त्व दिलं गेलं आहे. अनेक वर्षांची सरासरी काढली तर कुटुंबाच्या सुखासाठी रयत करते तो खर्च तिच्या परिस्थितीतल्या माणसाला न शोभणारा नाही. पुढच्या काळात अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्याच्या पाहणीत दिसलं की अत्यंत गरीब घरंही लग्न, अंत्यविधी आणि सण यांवर वर्षाच्या खर्चाचा साधारण दहावा हिस्सा घालवतात. हा आकडा उपदेशक पुरावा म्हणून फेकतात. त्याचा दुसरा अर्थ असा की पोट कसंबसं भरत असतानाही माणसं सण सोडत नाहीत, आणि जी गोष्ट सोडत नाहीत तिची तरतूद करण्याचं शहाणपण त्यांच्याकडे असतं. ऋण काढून सण करणारे आहेतच. पण भिशी नेमकं तेच टाळण्यासाठी आहे.

या हिशेबाची खरी परीक्षा दुकानात होत नाही, ती गिरणीत आणि कढईपुढे होते. दिवाळीआधीच्या दिवसांत गिरणीबाहेर डब्यांची रांग लागते आणि बोळाच्या तोंडापासूनच भाजणीचा वास येतो: भाजलेले तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ आणि मागून येणारा धण्याजिऱ्यांचा खमंगपणा. गिरणीवाला डबे आल्या क्रमाने घेत नाही. बाजरीच्या मागे भाजणी टाकली तर जात्यात उरलेलं बाजरीचं पीठ तिच्यात उतरतं, म्हणून आधी सगळी हरभऱ्याची डाळ, मग सगळ्यांच्या भाजण्या. लाडवाचं बेसन जाडसर. यावरून भांडणं होतात, कारण या पिठाला दुसरी संधी नसते. रात्री चार घरच्या बायका एकीकडे जमतात, प्रत्येकीचं तेल तिचं, आणि तळायला बसते ती सगळ्यांत जाणती. आधी शंकरपाळ्या आणि करंज्या, तेल स्वच्छ असेतो, मग शेव, मग चकली. मोहन जास्त झालं तर चकली तेलात फुटते, कमी पडलं तर दातांना भारी, म्हणून पहिला वेढा एकच पाडून तळून बघायचा आणि मग उरलेल्या पिठाचं ठरवायचं. अनारसे या घरांत सहसा होत नाहीत. अनारसा कढईत हसला की पीठ गेलं आणि तूपही गेलं, हा धोका सव्वीसशेत बसणारा नाही. बेसनाच्या लाडवाला तूप फार लागतं म्हणून पाकातला रव्याचा लाडू. उरलेल्या तेलात चिवड्याची फोडणी, आणि त्यातूनही उरलं तर पुढचे आठ दिवस भाजीला.

ही काटकसर बघताना भारावून जाणं सोपं आहे, आणि तिथेच मला अडखळायला होतं. तळायला बसणाऱ्या बायकांचं गणित असं की दुकानात किलोभर चकली येते तेवढ्या पैशांत घरी दुपटीहून जास्त होते. ते खरं असेल. पण ही बचत येते कुठून? भाजणारी, मळणारी, सोऱ्या दाबणारी आणि रात्री दोनपर्यंत कढईपुढे घामाघूम होणारी बाई सकाळी सहाला दुसऱ्याच्या घरी भांडी घासायला जाते, आणि त्या दिवसांत तिथेही फराळाची जादा भांडी असतात. तिच्या त्या रात्रींची मजुरी शून्य धरली म्हणून दिवाळी सव्वीसशेत बसते. बिगाऱ्याच्या रोजाने मोजली तर बसणार नाही. पुरुष मंडळी आकाशकंदील लावतात, पणत्या आणतात, आणि चकली चाखून "यंदा जरा कडक झाली" असा अभिप्रायही देतात. याला उत्तर म्हणून "पण बायकांनाही त्यात आनंद असतो" असं सांगितलं जातं. असतो. चार घरच्या बायका मध्यरात्री एकत्र बसून हसतात, नवऱ्यांच्या नकला करतात, हे वर्षातून असं क्वचितच घडतं. आनंद असला म्हणून मेहनत फुकट धरायची, हे मात्र पटत नाही.

सरकारनेही या सणात हात घातला. 2022 च्या दिवाळीत "आनंदाचा शिधा" आला: रेशनकार्डावर शंभर रुपयांत एक किलो रवा, एक किलो साखर, एक किलो हरभरा डाळ आणि एक लिटर पामतेल. बाजारभावाच्या मानाने तो फारच स्वस्त होता आणि लोकांनी तो आनंदाने घेतला. उगाच नाकं मुरडण्यात अर्थ नाही. पण दिवाळी सुरू झाली तरी काही ठिकाणी संच पोचले नव्हते, आणि लक्ष्मीपूजनानंतर आलेल्या रव्याचा लाडू होतो, दिवाळीचा फराळ होत नाही. भिशीवाल्या घरांनी शिधा मिळाला म्हणून भिशी बंद केली नाही. त्यांनी तो वरचा म्हणून धरला, उटण्याच्या पुडीसारखा. सरकारवर सणाची भिस्त ठेवायची नाही, एवढा व्यवहार त्यांना कळतो. आणि सरकार एका हाताने शिधा देतं तेव्हा दुसऱ्या हाताने काय करतं तेही त्यांना कढईत दिसतं. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयातशुल्क शून्यावरून 20 टक्क्यांवर नेलं, ते दिवाळीच्या दीड महिना आधी. सोयाबीन पिकवणाऱ्या मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्या शेतकऱ्याला भाव मिळावा हा हेतू योग्यच होता. पण भिशी आदल्या भाऊबीजेला पन्नासाने ठरलेली, आणि माल त्या दिवाळीच्या भावाने मिळणार. पाच लिटरचे चार झाले, करंज्या निम्म्यावर आल्या.

म्हणून आता मालाची भिशी हवी की रोखीची, यावर भिशीच्या बैठकींत वाद घातला जातो. रोख घेतली तर माल घाऊक बाजारातून आणता येतो, पण रोख रक्कम दिवाळीपर्यंत हातात टिकेल याची खात्री कुणी देत नाही. दुकानदाराचा तोडगा सरळ आहे: हप्ता साठ करा. बावन्न गुणिले साठ, एकतीसशे वीस. यावर दोघी-तिघी लगेच कार्ड पुढे करतात, एकजण "दहा रुपये म्हणजे रोजचा चहा गेला" म्हणून कुरकुरते, आणि एक हिशेबी बाई दुकानदारालाच सांगते की हप्ता वाढवताय तर तेलाचा भाव आजच वहीत लिहून घ्या, वर्षाने बदलायचा नाही. त्याला तो अजून तयार झालेला नाही.