गोधडीच्या आतलं कापड

नऊवारी लुगडं म्हणजे 9 वार, 27 फूट. त्याचे चार सारखे तुकडे केले तर प्रत्येक तुकडा पावणेसात फुटांचा होतो. पन्हा साधारण चार फूट. एका माणसाला अंथरायला किंवा पांघरायला नेमकं एवढंच माप लागतं. म्हणजे एका लुगड्यात एका गोधडीचे चार थर निघतात. निघायला हवेत, असं म्हणणं जास्त बरोबर, कारण लुगडं सगळीकडे सारखं विरत नाही. कासोट्याचा आणि बसण्याउठण्याचा भाग आधी जातो, काठ आणि पदर शेवटपर्यंत तग धरतात. त्यामुळे गोधडी शिवणारी बाई लुगडं फाडण्याआधी उजेडाकडे धरून पाहते. जिथून उजेड आरपार येतो तो भाग आत जाणार. घट्ट राहिलेला भाग वर. काठ निघतील तेवढे सलग काढायचे आणि गोधडीच्या कडेला लावायचे, कारण पांघरूण ओढताना हात पडतो तो कडेवरच.

गोधडीवर आजवर जे लिहिलं गेलं त्यात मायेचा भाग फार मोठा आहे. आईच्या लुगड्याची ऊब, आजीच्या हातचे टाके. ती माया खरी आहे, पण तिच्यामागे शिवणारीचं डोकं झाकलं जातं याची मला खंत वाटते. कोणतं कापड कुठे घालायचं, किती विरलेलं चालतं, कोणतं आत गेलं तर गोळा होईल, हे ज्ञान आहे. ते वरून दिसत नाही. आपण गोधडीची वरची रंगीत बाजू पाहून तिला छान म्हणतो. तिचा कस लागतो तो आत.

साताऱ्याकडच्या एका गावात मी एका आजींना काम करताना पाहिलं. सुगी उरकलेली, पाऊस अजून लांब. गोधड्या शिवायचे हेच दिवस. अंगणात आधी खालचं अस्तर अंथरलं, चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवली. मग आतलं भरण. विरलेली धोतरं, पंचे, उसवलेले परकर, काही तर वीतभर तुकडे. आजी एकेक तुकडा शेजारच्या तुकड्याला भिडवून ठेवत होत्या, एकावर एक चढू देत नव्हत्या. ठेवून झालं की डोळे मिटल्यासारखे करून तळहात फिरवायच्या. जिथे उंचवटा लागेल तिथला तुकडा उचलून दुसरीकडे. नजरेला सगळं सपाटच दिसत होतं, पण त्यांच्या हाताला ते मान्य नव्हतं. “झोपणाऱ्याच्या पाठीला कळतं, बाळा,” एवढंच म्हणाल्या.

वरचं कापड घातल्यावर लांब लांब कच्चे टाके टाकून सगळे थर एकमेकांना धरले आणि मग धावदोरा सुरू झाला. टाका तोच, शाळेत शिवणाच्या तासाला सगळ्यात आधी शिकवतात तो. सुई वरून खाली, खालून वर. पण आजी एक टाका घेऊन दोरा ओढत नव्हत्या. तीन-चार टाके सुईवर भरायचे आणि मग एकदम ओढायचे. डावा हात गोधडीखाली. सुईचं टोक प्रत्येक वेळी त्या हाताच्या एका बोटाला टेकून परत वर येत होतं. ते टोक टेकलं की सगळे थर भेदले गेले याची खात्री. त्या बोटाचं कातडं घट्ट, काळपट झालेलं होतं. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, आणि ओळी एकमेकींपासून बोटभर अंतरावर.

कडेपासून सुरुवात करून चौकोनात चौकोन करत आत यायचं, ही गोधडीची नेहमीची चाल. ती सोपी नाही. कडा आधी बांधल्या जातात, त्यामुळे कापडाची सगळी ढील आत आत सरकत राहते. प्रत्येक फेऱ्याला ती हाताने पसरवून जिरवावी लागते, नाहीतर मध्यभागी फुगा येतो आणि शेवटी तिथे चुणी घालून वेळ मारून न्यावी लागते. काही घरांत शेवटचा कोपरा बंद करण्याआधी आत चार दाणे किंवा भाकरीचा तुकडा सरकवतात. गोधडी उपाशी राहू नये म्हणून.

पायमशीनवरही गोधडी शिवतात, झटपट होते. तरी मशीनची आणि हाताची गोधडी पांघरल्यावर वेगळी लागते. मशीनचे दात खालचं कापड पुढे ढकलतात आणि वरचा पाय वरचं कापड दाबून धरतो. थर जाड असले की ते एकमेकांवरून सरकतात आणि चुण्या पडतात. शिवाय वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा एकमेकांत अडकून कापड आवळून धरतात. हाताच्या धावदोऱ्यात दोरा एकच, तो थरांमधून सैलसर फिरतो. दोन ओळींच्या मधे कापड किंचित उचललेलं राहतं आणि तिथे हवा अडकते. ऊब त्या हवेची असते.

नवरात्राच्या आधी घरातली अंथरुणं-पांघरुणं धुवायची पद्धत अजून बऱ्याच गावांत आहे. घट बसण्यापूर्वीच्या दिवसांत नदीकाठचे खडक गोधड्यांनी झाकून जातात. भिजलेली गोधडी एकटीला उचलत नाही. दोघीजणी दोन टोकं धरून उलट्या दिशांना पिळतात. वर्षानुवर्षं हे सोसायचं म्हणून तर टाके इतके जवळ जवळ. आतलं भरण सुटं असतं तर पहिल्याच धुण्यात कोपऱ्यात गोळा झालं असतं. आणि जुनंच कापड का, याचंही उत्तर इथे मिळतं. नवं सुती कापड पाण्यात आटतं. शेकडो वेळा धुतलेलं लुगडं आटायचं तेवढं आटून गेलेलं असतं, त्याची खळ गेलेली असते, आणि सुई त्यातून विनासायास जाते. बाळाचं दुपटं तर मुद्दाम सगळ्यात विरलेल्या धोतराचं किंवा लुगड्याचं करतात. नव्या कापडाची खरबरीत शिवण तान्ह्या कातडीला सोसत नाही.

गोव्याशी जुनं नातं असलेली गोधडीची एक वेगळी परंपरा उत्तर कन्नड जिल्ह्यात आहे. यल्लापूर, हल्याळच्या जंगलपट्टीत राहणारे सिद्दी आफ्रिकन वंशाचे. पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलेले आणि तिथून निसटून घाटावर आलेले अनेक जण त्यांचे पूर्वज. सिद्दी बायकांच्या गोधडीला कवंदी म्हणतात. तिच्या चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची त्रिकोणी फुलं असतात. त्या फुलांशिवाय कवंदी उघडी राहते असं या बायका मानतात. अमेरिकन कला-इतिहासकार हेन्री ड्रेवाल यांनी या बायकांसोबत काम केलं आणि त्यांच्या कवंदी परदेशातल्या प्रदर्शनांपर्यंत पोचल्या. आपल्या गोधडीच्या वाट्याला असा अभ्यास फारसा आला नाही.

गोधडी मागे पडली ती ब्लँकेट स्वस्त झाल्यामुळे, असं सर्रास म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. तिचा कच्चा मालच आटला. 1982 च्या जानेवारीत मुंबईच्या कापड गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, आणि त्याच वर्षी रायगडमध्ये पाताळगंगेला पॉलिएस्टर धाग्याचा मोठा कारखाना सुरू झाला. एकामुळे दुसरं घडलं असं नाही. पण बायकांच्या अंगावरचं कापड कोणत्या दिशेने चाललं होतं ते या एका वर्षात दिसतं. सिंथेटिक साडी लवकर वाळते, इस्त्री लागत नाही, रंग जात नाही. शेतात आणि घरात दिवसभर राबणाऱ्या बाईने ती निवडली यात तिची काही चूक नव्हती. फक्त ती साडी विरत नाही. दहा वर्षं वापरूनही मऊ पडत नाही, घाम शोषत नाही, थर एकमेकांवरून घसरतात आणि सुई ओढून काढावी लागते.

त्यामुळे शहरांत आता चढ्या भावाने विकल्या जाणाऱ्या, कोऱ्या कापडाच्या आणि पॉलिएस्टर भरणाच्या ‘गोधड्या’ मला दुसरीच वस्तू वाटतात. त्या सुबक असतात, पण लुगड्याची छाननी करणारं डोकं त्यांना लागत नाही. ते डोकं आहे ते पुण्यासारख्या शहरांत ऑर्डरी घेऊन घरोघरच्या जुन्या कापडांच्या गोधड्या शिवणाऱ्या बायकांकडे. लोक आईच्या साड्यांचं गाठोडं घेऊन येतात. मावशी एकेक साडी चिमटीत चोळतात. शंका आली तर दोरा उपसून काडी लावतात: सुताची राख होते, पॉलिएस्टरचा टणक मणी. मणी झाला की ती साडी वरच्या बाजूला, तिथे तिचा पक्का रंग आणि न फाटण्याचा गुण उपयोगी पडतो. आत घालायला मात्र सूतच लागतं, आणि ते साड्यांत मिळत नाही. मिळतं ते रोज घरात घालून धुऊन धुऊन विरलेल्या सुती मॅक्सींमध्ये. लोकांना त्या द्यायची लाज वाटते, म्हणून मावशींना दर वेळी मागून घ्याव्या लागतात. “ताई, साड्या झाल्या पुष्कळ,” त्या गाठोडं बांधता बांधता सांगतात, “घरातले जुने गाऊन आणा. फाटके असले तरी चालतील.”