टीटीला उतरा, मग विचारा

दादरला टीटी आहे, ट्राम नाही. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली आणि ट्रामचा जमाना संपला. तरी 'ट्राम टर्मिनस'चं टीटी साठ वर्षांनंतरही लोकांच्या तोंडी आहे. गिरगावात 'मॅजेस्टिक' हीही अशीच खूण. १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' जिथे झळकला ते थिएटर कधीच पडलं, पण पत्त्यातून गेलं नाही. फणसवाडीत फणस नाहीत, केळेवाडीत केळी नाहीत, तरी वाड्या आहेत. या भागात पत्ता म्हणजे खुणांची माळ असते: नाक्यावरून आत शिरा, देऊळ लागेल, त्याच्या पुढची चाळ, आणि तिथे कोणालाही विचारा.

नेमकी अशीच वाट दाखवणारा एक व्हिडिओ गेम २००२ साली आला. बेथेस्डा या अमेरिकी कंपनीच्या 'द एल्डर स्क्रोल्स' मालिकेतला हा तिसरा भाग, 'मॉरोविंड'. खेळाडू कैदी म्हणून जहाजातून एका दलदलीतल्या बंदरावर उतरतो. त्याला सोडून देतात, हातात एक पाकीट ठेवतात आणि सांगतात: बाल्मोरा गावी जा, तिथल्या 'साउथ वॉल' नावाच्या गुत्त्यावर केयस कोसाडेस कुठे राहतो ते विचार आणि हे त्याला दे. नकाशावर बाण नाही, पायाखाली चमकती रेघ नाही. चालत जावं, नाहीतर भाडं भरून एका अजस्र किड्याच्या पाठीवर बसावं. हा किडा ठरावीक गावांमध्येच जातो, बेस्टच्या बससारखा. मधल्या डोंगरात उतरायचं असेल तर पाय आहेत.

ज्या खेळात खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो, त्याचं बळ आणि कसब वाढवत नेतो आणि विस्तीर्ण मुलखात हवं तिथे फिरू शकतो, त्याला 'ओपन वर्ल्ड रोल प्लेइंग गेम' म्हणतात. मुख्य कथा असते, पण तिची घाई नसते. अमुक टेकडीमागे काय आहे हे बघायला गेलेला माणूस तीन तासांनी परततो, तेव्हा मूळ काम विसरलेला असतो. या भटकंतीचं मूळ जपानमधल्या सोनोबे गावात सापडतं. शिगेरू मियामोतो लहानपणी तिथल्या रानात आणि गुहांत हिंडले. त्या आठवणींतून १९८६चा 'द लेजंड ऑफ झेल्डा' घडला.

मुलूख मोठा म्हणजे किती मोठा? 'मॉरोविंड'च्या आधीचा, १९९६चा 'डॅगरफॉल' या बाबतीत अचाट होता. त्याचं क्षेत्रफळ साधारण १ लाख ६० हजार चौरस किलोमीटर सांगितलं जातं, म्हणजे अर्ध्या महाराष्ट्राहून थोडं अधिकच. गावं, देवळं, तळघरं मिळून ठिकाणं हजारोंनी. पण हा पसारा बहुतांशी संगणकानेच सूत्रांवरून जुळवलेला होता. एका गावातून दुसऱ्यात गेलं तरी तीच घरं, तशीच माणसं. उलट याच मालिकेतल्या २०११च्या 'स्कायरिम'चा मुलूख खेळाडूंच्या अंदाजाने ३७ चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतची मुंबई सुमारे ६८ चौरस किलोमीटर; म्हणजे 'स्कायरिम' त्याच्या निम्म्याहून थोडा मोठा. तरीही शेकडो तास खेळून त्यातलं एखादं भुयार बघायचं राहून गेलेली माणसं भेटतात. मुलूख मोठा वाटायला चौरस किलोमीटर पुरत नाहीत. वाट शोधायला किती डोकं लागलं, त्यावर ते ठरतं.

'मॉरोविंड'मधली एक पेटी याची साक्ष आहे. बाल्मोरातला हास्फाट अँटाबोलिस नावाचा जाणकार माहिती देण्याच्या बदल्यात जवळच्या पडक्या वास्तूतून ड्वेमर लोकांची कोड्याची पेटी आणायला सांगतो. दरीवरचा जुना पूल ओलांडून खेळाडू तिथे पोचतो, तर दार बंद. किल्ली कुठेच नाही. बाजूला एक नळ आहे आणि त्यावर एक दांडा. तो फिरवला की दार उघडतं. ही पहिली अडचण. दुसरी अशी की पेटी मुठीएवढी, आणि ती दाराजवळच्याच एका दालनात फळीवर पडलेली असते. मोठी गोष्ट खोलवरच असणार असं समजून लोक खाली उतरत जात, तासन् तास शत्रूंशी झुंजत आणि रिकाम्या हाताने वर येत. वीस वर्षांनंतरही जुने खेळाडू त्या पेटीचं नाव काढून हसतात.

मालिकेतल्या पुढच्या, २००६च्या 'ऑब्लिव्हियन'मध्ये होकायंत्र आलं आणि त्यावर बाण. पत्ता विचारायची गरज संपली. शिवाय मोठ्या शहरांवर टिचकी मारली की थेट तिथे. याला 'फास्ट ट्रॅव्हल' म्हणतात. 'स्कायरिम'ने त्याला लगाम घातला: एकदा स्वतः पोचलेल्या ठिकाणीच झटपट जाता येतं. योगायोग असा की ज्या २०११ साली 'स्कायरिम' आला, त्याच वर्षी लालबागचा उड्डाणपूल पूर्ण खुला झाला. भायखळ्याकडून पुलावर चढलेली गाडी काही मिनिटांत परळला उतरते. चिवडा गल्लीतला खमंग वास, भारतमाता सिनेमाची पाटी, गणेश गल्लीचं तोंड हे सगळं पुलाखाली राहतं. वेळ वाचतो हे खरं, पण पुलावरूनच जाणाऱ्याला लालबाग कळेल कसं?

पुढच्या खेळांनी नकाशा खुणांनी भरून टाकला. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडचा 'द विचर ३' (२०१५) कथेच्या बाबतीत अव्वल मानला जातो. त्यातली ब्लडी बॅरनची उपकथा एखाद्या कादंबरीच्या तोडीची आहे. पण याच खेळात स्केलिग बेटांभोवतीच्या समुद्रावर प्रश्नचिन्हांची रांगोळी घातलेली आहे. होडी हाकत एकेक ठिकाण गाठावं, तर बहुतेक जागी तस्करांनी बुडवून ठेवलेला माल, साधारण एकाच छापाचा. शोध घेणं संपतं आणि यादीवर खुणा करणं सुरू होतं.

निंटेंडोच्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'ने (२०१७) उलट वाट धरली. मनोरे चढले की त्या टापूचा नकाशा मिळतो, पण कोरा. खुणा खेळाडूनेच उंचावरून बघून टोचायच्या. या खेळाच्या रचनाकारांनी त्यामागची युक्ती जाहीर सांगितली आहे: भूरचनेत त्रिकोण पेरा. टेकडी त्रिकोणी असली की ती समोरचं काही झाकते, चढायचं की वळसा घालायचा असा पेच टाकते आणि वळसा घालताना मागचं काही हळूच उघड करते. गिरणगावात हे काम चिमण्यांनी केलं. १९८२च्या संपापर्यंत लालबाग-परळमध्ये गल्ली चुकलेल्या माणसाने मान वर केली की कुठल्या ना कुठल्या गिरणीची चिमणी दिशा सांगे. आता उरलेल्या मोजक्या चिमण्या टॉवरांच्या मध्ये शोधाव्या लागतात.

भटकंती ही अर्धी गोष्ट झाली. उरलेली अर्धी म्हणजे चढती पायरी. अनुभवाचे गुण जमवायचे आणि वरची पातळी गाठायची, ही कल्पना १९७४च्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या कागद-फाशांच्या खेळातून आली. मुंबईकराला ती समजवायला नको. गोविंदा पथकं गुरुपौर्णिमेला सराव सुरू करतात आणि खालचे थर पक्के बसल्याशिवाय वरच्या थराची भाषा करत नाहीत.

मात्र आकडे वाढणं आणि खेळाडू वाढणं या वेगळ्या गोष्टी आहेत. 'स्कायरिम'मध्ये जे काम करावं त्यात हात बसतो: तलवार चालवली की तलवारीत, लोहारकाम केलं की लोहारकामात. लोकांनी लगेच मेख हेरली. भट्टीशी उभं राहून शेकड्यांनी स्वस्त लोखंडी खंजीर घडवायचे, की डोंगरही न बघता पट्टीचा लोहार तयार! नंतरच्या सुधारणेत कंपनीने हिशेब बदलला आणि वस्तूच्या किमतीनुसार कौशल्य वाढू लागलं. 'ऑब्लिव्हियन'मध्ये उलटी फजिती होती. खेळाडू बलवान झाला की शत्रूही त्याच्याबरोबर बलवान होत. रस्त्यावरचा भुरटा दरोडेखोर महागडं चिलखत घालून चिल्लर मागायला उभा राही, आणि इतकी मेहनत कशासाठी केली असा प्रश्न पडे.

फ्रॉम सॉफ्टवेअरच्या 'एल्डन रिंग'ने (२०२२) यावर निर्दय पण सरळ उत्तर दिलं. पहिल्याच उघड्या माळावर सोनेरी चिलखतातला घोडेस्वार, ट्री सेंटिनेल, गस्त घालत असतो. नवखा खेळाडू भिडतो आणि दोन घावांत मरतो. जमवलेले रून, म्हणजे पातळी वाढवण्याचं चलन, तिथेच सांडतात. ते उचलायला जाताना पुन्हा मेला तर कायमचे जातात. दोन-चारदा असं झालं की उमगतं: याच्याशी आज लढायचं नाही. वाट सोडून रान धरावं, गुहा बघाव्यात, घोडा मिळवावा आणि मग परतावं. घोडेस्वार होता तेवढाच असतो, बदललेला असतो तो खेळणारा.

मुंबईकर या खुल्या मुलखात शिरले ते बहुधा २००२च्या 'जीटीए: व्हाइस सिटी'तून. भूमिका घेऊन वाढण्याचा हा खेळ नव्हे, पण हिंडायला पुरं शहर होतं. सुरुवातीला वादळाच्या इशाऱ्यामुळे पूल बंद असत आणि पलीकडचं बेट नुसतं दिसत राही. पुढे संगणकाचे सुटे भाग घ्यायला पोरं गिरगावाला खेटून असलेल्या लॅमिंग्टन रोडला जात. रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण १९०३ ते १९०७ या काळात गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनची खूण इथेही पुसली गेली नाही.

खेळांच्या नकाशावर मुंबई उमटली ती २०१८च्या 'हिटमॅन २'मध्ये: झोपडवस्ती, अर्धवट टॉवर, रेल्वे यार्ड आणि सिनेमाचं चित्रीकरण. इथल्या एका सावजाचा, वझीर काळेचा, चेहरा कोणालाच ठाऊक नसतो. गर्दीत कान देऊन तो हुडकावा लागतो. मुंबईच्या गेमइऑन स्टुडिओजने २०२०मध्ये 'मुंबई गल्लीज' या खुल्या शहराच्या खेळाची घोषणा केली. २०२५मध्ये पेडर रोडवर एनएफडीसीच्या आवारात इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज सुरू झाली, आणि खेळनिर्मितीचं शिक्षण गिरगावच्या शेजारी आलं.

तिथे शिकणाऱ्या एखाद्याला मुंबईचा मुलूख रचायचा झाला, तर दडवलेल्या खजिन्यासाठी कल्पना लढवायला नको. १९३१ साली परळहून शिवडीकडे जाणाऱ्या रस्त्याचं काम चालू असताना जमिनीतून एक अखंड शिळा निघाली. उंची सुमारे साडेतीन मीटर, काळ पाचव्या-सहाव्या शतकाचा. एका शिवातून दुसरा, त्यातून तिसरा आणि बाजूंनाही फुटत गेलेल्या शिवमूर्ती. तिची प्रतिकृती छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात आहे. मूळ शिळा मात्र परळमध्येच, बारादेवीच्या देवळात. तिथे जायचं तर परळला उतरावं आणि बारादेवी कुठे, ते कोणालाही विचारावं.