आठ लाखांचे दोन हिशेब

अकोल्याला किंवा अमरावतीला मेडिकलला मुलीचा नंबर लागला, की घरात पहिला प्रश्न फीचा. कॅप फेरीतून प्रवेश घेणाऱ्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. अट एकच, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत हवे. नॉन-क्रिमीलेअरची मर्यादाही ८ लाखांचीच, म्हणून घोळ होतो. तिथे आईवडिलांचा पगार आणि शेतीचे उत्पन्न धरत नाहीत. फीमाफीसाठी लागणाऱ्या तहसीलदारांच्या उत्पन्न दाखल्यात मात्र वडिलांची कपाशी आणि शिक्षिका आईचा पगार, दोन्ही येतात. तेव्हा नॉन-क्रिमीलेअर हाती आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आधी घरची खरी बेरीज करा, मगच महाडीबीटीवर अर्ज भरा.